पाच खणांचं घर, मुदतखरेदीनं

पंच म्हणून सही करायला गावात कुणी तयार होईना, तेव्हा बँकेच्या साहेबांनी मला गाठलं. २०१९ चा मे महिना. सकाळचे अकरा वाजले होते आणि घोडेगावच्या चौकात नगर-औरंगाबाद रस्त्याचं डांबर पाघळायला लागलं होतं. माझा धंदा दस्त लिहिण्याचा. नेवाशाच्या कचेरीसमोर लिंबाखाली बसून चाळीस वर्षं खरेदीखतं, गहाणखतं, वाटणीपत्रं लिहिली. ह्या माणसाला कागदाचं भय नाही, असा साहेबांचा हिशेब. तो खरा होता. पण ज्या घराला सील लावायचं होतं त्याचं गहाणखतही माझ्याच हातचं होतं, हे त्यांच्या लक्षात आलं नव्हतं, आणि मीही सांगितलं नाही.

घर पुढं दोन खोल्यांचं, स्लॅबचं. मागं जुनं माळवद. मालकानं कांद्याच्या व्यापारासाठी कर्ज काढलं होतं. घोडेगावात मंदी कळायला अर्थमंत्र्याचं भाषण लागत नाही. उपबाजारात गोणी ओतली, आडत्यानं भाव पुकारला, की पाच मिनिटांत कळतं. २०१८ च्या डिसेंबरात कांदा असा पडला की गोणीचे, हमालीचे आणि गाडीभाड्याचे पैसे अंगावर आले. शेतकऱ्याचं पीक गेलं, आणि ज्यानं आधी चढ्या भावात माल भरून ठेवला होता त्याचं घर गेलं.

नायब तहसीलदार, दोन पोलीस, बँकेचे तिघं, पंच दोघं. मी यादी लिहीत होतो. लोखंडी कपाट एक. भिंतीवरचं घड्याळ एक, चालू. पिठाची चक्की एक, पट्ट्यासह. घरची माणसं सामान ट्रॉलीत भरून शेतातल्या वस्तीवर चालली होती. कुणी रडलं नाही. म्हातारी तेवढी परत आली आणि साहेबांना म्हणाली, "साहेब, मृगाच्या आधी माळवदावर माती टाकून घ्या बरं का. उत्तरेच्या कोपऱ्याला गळतं."

साहेब "हो आजी" म्हणाले. पंचनाम्याच्या नमुन्यात ह्या वाक्याला रकाना नव्हता.

ज्यांनी माळवद पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. खांब, त्यावर तुळया, तुळयांवर कडीपाट, त्यावर पाला-काटक्यांचा थर आणि वर पांढरीची माती. दर वर्षी उन्हाळ्यात ती माती उकरून, नवी टाकून, चोपून बसवावी लागते. वर उगवलेलं गवत उपटावं लागतं, उंदरांची बिळं बुजवावी लागतात. पावसात रात्री उठून बघावं लागतं. हे करणारा माणूस घरात असेल तर माळवद शंभर वर्षं टिकतं. नसेल तर तीन पावसाळे.

त्या दिवशी घरी आल्यावर मी ट्रंक उघडली. दस्त लिहिणं आमच्या घरात चार पिढ्यांचं. पणजोबांच्या हातचे मोडीतले काही कागद त्या ट्रंकेत आहेत. मला मोडी येते, मुलाला येत नाही, आणि त्याला त्याचं दुःखही नाही. त्यात शके १८२१ चं, म्हणजे इसवी १८९९ चं, दुष्काळी सालातलं एक खत आहे. पाच खणांचं घर, माळवदाचं, पुढं ओटा, मागं परडं, दक्षिणेची भिंत सामाईक. मुदतखरेदीनं दिलं. मुदतखरेदी म्हणजे घर विकलं असं लिहायचं, पण अमुक वर्षांत रुपये परत केले तर घर परत. मुदत टळली की तेच खत कायमचं खरेदीखत. आणि त्याच खताला, त्याच तारखेची, त्याच शाईतली दुसरी चिठ्ठी जोडलेली. घर विकणाऱ्यानंच तेच घर सावकाराकडून भाड्यानं घेतलं, वर्षाला अमुक रुपये भाडं. भाडं म्हणजे व्याज, हे कुणीही ओळखेल. सावकारानं घर नावावर घेतलं, पण त्यातला माणूस उठवला नाही. दया म्हणून नव्हे. दुष्काळात पाच खणांचं घर घेणार कोण? आणि माती टाकणार कोण?

पंचवीस वर्षं आधी असाच एक सावकार हे विसरला होता.

नगरहून पुण्याला जाताना शिरूर लागतं, त्या तालुक्यातलं कर्डे गाव. १८७४ चा डिसेंबर. काळूराम नावाच्या सावकारानं बाबासाहेब देशमुखांवर हुकूमनामा मिळवला. प्रकरण दीडशे रुपयांचं. देशमुख म्हणजे गावातलं जुनं, मानाचं घराणं. काळूराम घर ताब्यात घेऊन थांबला नाही. त्यानं घर पाडायला काढलं. तिथं गाव फिरलं. सावकाराच्या शेतावर मजूर जाईना, न्हावी हजामत करीना, पाणक्या पाणी भरीना. बहिष्काराची ही पद्धत गावोगाव पसरली. पुढं १२ मे १८७५ ला सुप्याला बाजारच्या दिवशी दंगल पेटली. हे सुपे बारामतीकडचं. आमच्या पारनेरचं सुपा नव्हे, नगरची माणसं इथं हटकून चुकतात. लोकांनी वह्या आणि रोखे मागितले, मिळाले ते जाळले. जिथं सावकारानं निमूट कागद काढून दिले तिथं त्याच्या अंगाला बहुधा कुणी हात लावला नाही. लोकांचं भांडण कागदाशी होतं, हे मला दस्तलेखक म्हणून विशेष वाटतं.

मग ते लोण नगर जिल्ह्यात आलं. पारनेर, श्रीगोंदा, नगर, कर्जत ह्या तालुक्यांतली गावं दंग्यांच्या यादीत आहेत. नेवासं नाही. दोन्ही जिल्हे मिळून ९५१ जण पकडले गेले. पाठ्यपुस्तकात 'दख्खनचे दंगे' म्हणून अर्धं पान असतं, त्यात सावकार दुष्ट आणि कुणबी गरीब एवढंच उरतं. सावकार कुठल्या जातीचा, कुठल्या मुलखातून आलेला, हे सांगूनही काही उलगडत नाही. तो त्या आधीही होताच. बदललं होतं ते त्याच्या पाठीमागचं बळ. पूर्वी वसुलीसाठी त्याला पाटलाच्या आणि गावाच्या तोंडाकडे बघावं लागे, धरणं धरून बसावं लागे. दामदुपटीचा रिवाज होता, व्याज मुद्दलाच्या वर जाऊ द्यायचं नाही. इंग्रजी अमलात त्याच्यामागं दिवाणी कोर्ट उभं राहिलं. जमीन विकण्याजोगी वस्तू झाली. १८५९ च्या मुदतीच्या कायद्यानं रोख्याचं आयुष्य तीन वर्षांवर आणलं. कायदा केला कुळाच्या भल्यासाठी, पण सावकार दर तीन वर्षांनी मुद्दल आणि व्याज एकत्र करून नवा रोखा लिहून घेऊ लागला. तीन खतांत व्याजाचं मुद्दल होतं, आणि कुळाला वाचता येत नाही. लिहिणारे आमचेच लोक. हेही कबूल केलं पाहिजे.

आणि मग तेजी-मंदी. १८६१ ते ६५ अमेरिकेत यादवी चालली, तिथला कापूस थांबला, मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. सावकार ओट्यावर येऊन कर्ज देऊन जाई. युद्ध संपलं, भाव कोसळला. त्यातच पुणे जिल्ह्याच्या काही तालुक्यांत नव्या पाहणीत सरकारनं सारा वाढवला. सावकारानं हात आखडता घेतला आणि जुनी खतं कोर्टात नेली. तेजीत ज्या घरावर शंभर मिळत होते, मंदीत ते लिलावात चाळिसालाही जाईना, आणि तरी लिलाव चालूच. हिशेबाच्या दृष्टीनंही हा शहाणपणा नव्हता.

सरकारनं चौकशी आयोग नेमला आणि १८७९ मध्ये दख्खन शेतकरी मदत कायदा केला. पुणे, सातारा, सोलापूर आणि आमचा नगर, ह्या चार जिल्ह्यांसाठी. हा कायदा आमच्या घरात कुळाचारासारखा पाठ असायचा. त्यातल्या चार गोष्टी सांगतो. शेतकऱ्याला कर्जापायी तुरुंगात टाकता येणार नाही. जी मिळकत स्पष्ट लिहून गहाण दिलेली नाही ती साध्या पैशाच्या हुकूमनाम्यात विकता येणार नाही. शेतकऱ्याचं खत गावच्या निबंधकासमोर झालं पाहिजे. आणि चौथी, सगळ्यांत मोठी: कोर्ट रोख्यावरचा आकडा खरा मानून बसणार नाही. पहिला रुपया कधी दिला इथपासून हिशेब उकलायचा, मुद्दल किती, व्याज किती, चढवलं किती. पुढं त्यात आणखी एक कलम घातलं. कागदावर विक्री लिहिली असली तरी व्यवहार मुळात गहाणाचा होता का, हे कोर्टानं तपासायचं. माझ्या ट्रंकेतल्या दोन कागदांवर नेमकं बोट ठेवणारं कलम. न्यायमूर्ती रानडे ह्याच कायद्याखाली विशेष न्यायाधीश होते, कोर्टांची तपासणी करत ह्या मुलखात हिंडले.

कायद्यानं सगळं गोड झालं नाही. सावकार सावध झाला, उधारी आटली, गहाणाऐवजी सरळ खरेदीखत मागू लागला. वेडरबर्न नावाच्या इंग्रजी अमलातल्या साहेबांनी पुरंदर तालुक्यात शेतकी बँक काढायची योजना मांडली, ती विलायतेत नामंजूर झाली. १९२९ साली मिळकत हस्तांतरणाच्या कायद्यात दुरुस्ती आली. परत देण्याची अट खरेदीच्याच कागदात असेल तरच ते गहाण, वेगळ्या कागदावर असेल तर विक्री. चतुर सावकारांनी त्या दिवसापासून अट वेगळ्या कागदावर लिहून घ्यायला सुरुवात केली. आजही खाजगी सावकाराचं खत बघितलं की मी पहिल्यांदा हेच शोधतो, अट कुठल्या कागदावर आहे.

दिवाणी संहिता आली १९०८ ची. तिच्या साठाव्या कलमात शेतकऱ्याच्या राहत्या घराला जप्तीतून वगळलं आहे, आणि नुसतं घर म्हणून भागवलेलं नाही, त्याच्या बांधणीचं साहित्य, हेही नाव घेऊन वगळलं आहे. वकिली शिकलेल्या पोरांना ह्याचं नवल वाटतं. मला नाही वाटत. माळवदाच्या घराची विकण्याजोगी किंमत तुळयांत आणि चौकटींत असते. माणूस काढला की घर सरपणाच्या वखारीत जातं. कर्ड्याला तेच चाललं होतं. पण मालकानं स्वतःच्या सहीनं घर गहाण टाकलं की हे कवच राहत नाही.

तिसाव्या दशकातली जगाची मंदी, तिच्यानंतरचे कर्जनिवारणाचे कायदे, पुढं सहकार, हे सगळं आमच्या जिल्ह्यात सविस्तर लिहिलं गेलंय. प्रवरेच्या सहकारी साखर कारखान्यावर तर ग्रंथ आहेत. मी भूविकास बँकेपुरतं बोलतो, कारण तिची गहाणखतं मी बघितली. विहिरीसाठी, पाइपलाइनसाठी लांब मुदतीचं कर्ज. थकलं की सातबाऱ्याच्या इतर हक्कात बोजा. लिलाव पुकारले तरी गावात बोली लागत नसे. भावकीतल्या माणसाची जमीन लिलावात घेतली तर तळतळाट लागतो, ही नुसती अंधश्रद्धा नाही. उद्या त्याच्याच बांधावरून तुम्हाला जायचं असतं. बँक बुडाली, बोजे तसेच राहिले. २०२२ मध्ये सरकारनं ३४,७८८ शेतकऱ्यांचं ९६४ कोटी १५ लाखांचं कर्ज माफ केलं आणि सातबारे मोकळे झाले. जी जमीन विकली गेलीच नाही तिनं बँकेला काय मिळवून दिलं, हा प्रश्न कुणी विचारला नाही.

आता बँकांच्या हाती २००२ चा सरफेसी कायदा आहे. साठ दिवसांची नोटीस, मग ताबा, मग लिलाव. कोर्टात जावं लागत नाही. शेतजमीन त्यातून वगळली, घर नाही. गावठाणातलं घर पूर्वी बँका सहसा गहाण घेत नसत, कारण ग्रामपंचायतीच्या नमुना आठच्या उताऱ्यापलीकडे कागद नसायचा. २०२० पासून स्वामित्व योजनेत ड्रोननं मोजणी करून गावठाणाची मालमत्ता पत्रकं द्यायला लागले. चांगलं आहे. पण ज्या कागदानं कर्ज मिळतं त्याच कागदानं सील येतं. आणि २०१६ च्या दुरुस्तीनं सोडवून घेण्याची वेळही आखूड केली. आधी विक्री पुरी होईपर्यंत पैसे भरून घर सोडवता येई, आता लिलावाची नोटीस प्रसिद्ध झाली की दार बंद. पणजोबांच्या खतात मुदत वर्षांची होती.

बँकेची बाजू मला कळत नाही असं नाही. पैसा ठेवीदारांचा असतो. आमच्याकडं पतसंस्थेचा ठेवीदार म्हणजे शेजारची विधवा आणि निवृत्त शाळामास्तर. वसुली केली नाही तर त्यांचे बुडतात. १८७९ नंतर उधारी आटली ती उगाच नाही. पण सील लावणं म्हणजे वसुली, हे कुणी ठरवलं? बँकिंग कायद्याच्या नवव्या कलमात लिहिलंय, असं अंगावर आलेलं घर बँकेनं सात वर्षांपेक्षा जास्त धरून ठेवायचं नाही. म्हणजे सात वर्षांची सवड कायद्यानंच दिली आहे. त्या सात वर्षांत घरात कोण राहील, ह्याबद्दल कलम गप्प आहे.

अमेरिकेत १९३३ साली, त्यांच्या महामंदीत, सरकारनं घरमालकांसाठी कर्ज महामंडळ काढलं. त्यानं बँकांकडची सुमारे दहा लाख थकलेली गहाणं उचलली आणि लांब मुदतीचे हप्ते बांधून दिले. तरीही जवळजवळ दोन लाख घरं त्याच्या अंगावर आलीच. ती एकदम बाजारात ओतली नाहीत. दुरुस्त केली, रंगवली, भाड्यानं दिली आणि बाजार सुधारेल तशी हळूहळू विकली. १९५१ मध्ये महामंडळ गुंडाळलं तेव्हा थोडा नफाच होता. आमच्या कांद्याच्या चाळीचं गणित तेच. भाव नसताना सगळ्या गावानं एकाच दिवशी माल काढला तर आणखी पडतो. चाळीत ठेवायचा, पण चाळ हवेशीर हवी आणि सडका कांदा रोज वेचायला माणूस हवा. कुलूप लावलेल्या चाळीत कांदा टिकत नाही.

कुलपावरून आठवलं. घोडेगावाहून शनिशिंगणापूर पाच-सहा किलोमीटर. तिथल्या घरांना परंपरेनं चौकटी असायच्या, दारं नसायची. २०११ च्या जानेवारीत तिथं युको बँकेनं बिनकुलपाची शाखा उघडली तेव्हा आम्ही मुद्दाम बघायला गेलो होतो. चहाच्या टपरीवर तेव्हापासून एक विनोद चालतो, की शिंगणापुरात कर्ज थकवावं, कारण बँक सील लावणार कशाला? दाराला? मी हसतो, पण मला त्यात मसुदा दिसतो.

मसुदा मी खरंच लिहिला होता. सील लावल्यावर पंधरा दिवसांनी साहेब नेवाशाला आले होते, तेव्हा त्यांच्या हातात दोन पानं दिली. घर बँकेच्या ताब्यात, हे कबूल. त्याच कुटुंबाला पाच वर्षांच्या भाडेकरारानं द्यावं. भाडं दरमहा, त्यातला ठरलेला वाटा मुद्दलात जमा. माळवदाची माती, घरपट्टी, वीजबिल भाडेकरूकडे. मुदतीत बाकी भरली तर घर परत, आणि ही अट त्याच कागदात. हिशेबाचा उतारा दर सहा महिन्यांनी, मुद्दल वेगळं, व्याज वेगळं, दंड वेगळा दाखवून. पणजोबांच्या दोन चिठ्ठ्यांचा एक कागद केला, आणि १८७९ चा उघडा हिशेब त्यात घातला, बस. साहेबांनी मन लावून वाचला. भला माणूस होता. म्हणाले, "काका, लिहिलंय झकास. पण परिपत्रकात बसत नाही."

पहिला लिलाव ऑगस्टमध्ये. बोली नाही. दुसऱ्याला राखीव किंमत उतरवली. बोली नाही. मग २०२० आला आणि टाळेबंदीत लिलाव कसला, जनावरांचा शुक्रवारचा बाजारही बंद पडला. महावितरणनं मीटर काढून नेलं. घरपट्टीची मागणी ग्रामपंचायत बँकेला पाठवी, बँक म्हणे मालक अजून कर्जदारच. कर्जदार वस्तीवरून म्हणे, मला तर आत पाऊल टाकायची बंदी आहे. २०२१ च्या पावसाळ्यात माळवद उत्तरेच्या कोपऱ्यातनंच खचलं. सामाईक भिंत शेजाऱ्याच्या गोठ्यावर पडली, म्हैस वाचली.

गेल्या वर्षी ती जागा विकली गेली. खरेदीखत माझ्याकडेच आलं. घेणारा तो शेजारीच, ट्रॅक्टर लावायला जागा हवी म्हणून. कर्जदाराच्या नावावर अजून बाकी निघते आणि तिच्यावर व्याज चालू आहे. मी मिळकतीचं वर्णन लिहायला घेतलं. पुढच्या दोन खोल्या स्लॅबच्या, गळक्या. मागं... इथं थांबलो. संगणकावरचा पोरगा म्हणाला, "काका, मागं काय टाकू?" मी सांगितलं, लिही: मोकळी जागा, पडक्या भिंतीसह. पूर्वेस रस्ता, पश्चिमेस परडं, दक्षिणेस भावकीचं घर, उत्तरेस घेणाराचा गोठा. येणेप्रमाणे चतुःसीमा.